हेलियमचा वाढदिवस
माणसांचे प्रकार अभ्यासायचे असतील तर 18 ऑगस्टला आमच्या विजयदुर्गच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावं. 1868 साली याच तारखेला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबाने किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वर दुर्बीण लावून ते पाहिलं आणि त्यातून हेलियमचा शोध लागला, असं गावात सांगतात. किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो.

पहाटेच मेसेज येऊन थडकतो: ‘खरे विजयदुर्गकर असाल तर पुढे पाठवा.’ पाठवणारा पक्का फॉरवर्डवाला. 2018 पासून आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज ढकलता येतो, पण हा गडी डगमगत नाही. पाच-पाच करत चहा निवेपर्यंत सगळा देवगड तालुका उरकतो. मागोमाग अंगठेवाले. त्यांना वाढदिवस, हेलियम आणि कुणाचं दहावं, सगळं सारखंच. एकदा दहाव्याच्या निरोपावरही अंगठा आला होता. तो मागे घेईपर्यंत निम्म्या वाडीने पाहिला.

मग उठतात निवृत्त मास्तर. लिहितात, ‘लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. ग्रहणासाठी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला आला होता. लॉकियरने सूर्याच्या कडेची हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिकडूनच. हिंदुस्थानात तो आला 1871 साली, तोही केरळात, बेकलला.’ शेवटी पूर्णविराम आणि ‘कळावे’.

आता अस्मितावाले जागे होतात. ‘मगे ते ओटे काय आमच्या आज्यान बांधल्यान?’ मास्तरांचं म्हणणं खरं आहे, पण या प्रश्नावर ग्रुपवर जास्त अंगठे पडतात. मास्तरांनी एवढं तरी जोडायला हवं होतं की ग्रहणाच्या खग्रास पट्ट्यात विजयदुर्ग होतं. निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं. पण मास्तरांना भांडण मिटवायचं नसतंच, गुण द्यायचे असतात.

राहिले मुके वाचक. वेबतज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2006 साली ऑनलाइन समूहांचा ढोबळ हिशेब मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकटा बोलत सुटतो. आमच्याकडे त्या एकट्याने दोन नंबर घेतलेत. नव्वदांत मीही आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल बरंच बोलणार.

गंमत अशी की हे मुके बहुतेक गावातच राहणारे. गावाच्या आठवणीने कंठ दाटतो तो डोंबिवली, विरार आणि दुबईत. जो रोज जेटीवर जातो, तो खाडीच्या सूर्यास्ताचा फोटो कशाला टाकेल? त्याला आज बांगडा मिळाला की नाही याची पडलेली. तसा लॉकियरही चाकरमानीच म्हणायचा: ग्रहण इकडे, नाव त्याचं तिकडे.

यंदा त्या नव्वदांतला एकजण चक्क बोलला. दुपारी, मास्तर आणि अस्मितावाले दमल्यावर, त्याने लिहिलं, ‘ओट्यांकडची वाट गवतात गेली हा. साफ करूक कोण येता?’

निळ्या टिका भराभर उमटल्या. फॉरवर्डवाल्याने हात जोडले, अंगठेवाल्यांनी अंगठे दिले. ‘स्तुत्य उपक्रम,’ मास्तर म्हणाले. तासाभराने विरारहून उत्तर आलं, ‘गणपतीक येतंव, तेव्हा बघूया.’