सात वर्षांचा सज्ञान

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. गुलामीची खूण पुसली, असं दिल्लीहून सांगण्यात आलं. पुसापुशीचं काम मोठ्या निगुतीनं झालं, हे मान्य करायला हवं. ५११ कलमांची ३५८ झाली. खून ३०२ होता, तो १०३ झाला. चारशे वीस हा तर या देशाचा सांस्कृतिक ठेवा, राज कपूरनं त्यावर सिनेमा काढला. त्याचंही ३१८ करून टाकलं. आता एखाद्याला ‘तीनशे अठरा माणूस’ म्हणून बघा, तो विचारेल, ही बस कुठे जाते?

या धुमाळीत एक कलम मात्र केसही वाकडा न होता सुटलं. जुनं ८२, नवं २०. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा नाही. सात पूर्ण झाली की कायद्याला दार उघडं. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय आणि त्याचं पुढे काय होणार याची पुरेशी समज नसेल, तर कलम २१ मुलाला सोडतं. समज पुरेशी कधी म्हणायची, हे न्यायासनानं ठरवायचं. मुलगा दुसरीत. बुटाची नाडी अजून आई बांधते.

हा सातचा आकडा इंग्लंडच्या जुन्या कायद्यातला. १८६० साली साहेबानं तो आपल्या गळ्यात घातला. पुढे साहेबाचंच मन बदललं. स्वतःच्या पोरांसाठी त्यानं १९३३ साली आठ केले, १९६३ साली दहा. स्कॉटलंड बारावर गेलं. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती २०१९ पासून सांगतेय, किमान चौदा करा. साहेबानं अंगावरून उतरवून भंगारात दिलेला कोट आम्ही इस्त्री केला आणि स्वदेशी म्हणून मिरवतोय.

एरवी महाराष्ट्रात समज फार सावकाश येते. मत द्यायला १८ लागतात. नवरदेव व्हायला २१, बिअर प्यायलाही २१ आणि व्हिस्कीला २५. पेगचे परिणाम कळायला पंचविशी गाठावी लागते, गुन्ह्याचे सातव्या वर्षीही कळू शकतात.

कोणी म्हणेल, घाबरता कशाला, बाल न्याय कायदा आहे ना! आहे, आणि बराच शहाणा आहे. अठराच्या आतलं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं. सोळा ते अठरामधल्यानं भयंकर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तरच त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. पण मंडळाच्या दारात नेता येतं ते सातपासूनच.

आपली चर्चा मात्र कायम वरच्या टोकाला. मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव पोर्शेच्या धडकेत दोघांचा जीव गेला. सतरा वर्षांच्या आरोपीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा वय खाली आणा म्हणून एकच ओरड झाली. (तीनशे शब्द म्हणजे किती थोडे, ते आम्हा सदरवाल्यांना विचारा.) खालच्या टोकाला कोण उभं आहे, हे कोणी पाहिलं नाही. तिथल्या पोराकडे पोर्शे नसते. त्याच्या बापाकडेही नसते.

तेव्हा खासदार महोदय, पुढची दुरुस्ती आणाल तेव्हा कलम २० मधला सात खोडा. चौदा झेपत नसतील, तर निदान साहेबाइतके दहा तरी करा.