हट्ट्यातला हट्ट

रेल्वे स्टेशनाच्या नावाला 'रोड' हे आडनाव लागलं की समजावं, गाव तिथं नाही. गोंदिया–बालाघाट लायनीवरचं 'हट्टा रोड' त्याच कुळातलं. म्हणून आपण कारनं गेलो, असं माझा साळा सांगतो. खरं कारण वेगळं. त्यानं नुकतीच सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली होती आणि डावा पाय रिकामा ठेवून गाडी चालवण्याचा आनंद नागपूरच्या रिंग रोडवर मावेनासा झाला होता.

गाडी दारात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं डिक्कीच्या काचेवर लाल एलईडीची पट्टी चिकटवून घेतली. ब्रेक दाबला की त्या पट्टीतला उजेड डावीकडून उजवीकडे पळायचा. "भाऊजी, लांबून ओळखू येते," तो म्हणाला. गणपतीचं मखरही लांबून ओळखू येतं, पण हे मी बोललो नाही. मागच्या सीटवर त्याची बहीण बसली होती.

गोंदियाला चहा झाला. राजेगावजवळ बाघ नदीचा पूल ओलांडून मध्य प्रदेशात शिरलो. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे हा पूल ओलांडताना नागपूरकराच्या छातीत उगाच थोडं राजेपण भरतं. तेवढ्यात एक मोटरसायकलवाला शेजारी आला आणि आमच्याकडे हात करून ओरडला, "भाऊ, लाल लाईट! लाल लाईट!"

लाल दिवे १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही टपावरून उतरले. आणि इथं आपल्याला त्या रांगेत बसवणारा माणूस भेटतो म्हणजे काय! साळ्यानं काच खाली करून हात हलवला. मीही हलवला, अर्धा.

हट्ट्याची बावडी गोंड राजवटीतली. वरून साधी विहीर वाटते. पायऱ्या उतरू लागलं की दगडी खांबांचे ओवरे खाली मजल्यामजल्यानं उघडत जातात. वर ऊन कडाडत असलं तरी खाली थंडावा. वर यावंसं वाटत नव्हतं. वर आलो, तर पुढचे तीन तास तिथून हलता आलं नाही.

गाडी चालू झाली. एसी चालू, रेडिओ चालू, हॉर्न चालू. फक्त गिअरचा दांडा 'पी'मधून निघेना. साळ्यानं ब्रेक दाबला, दांडा ओढला. मग ब्रेक जोरात दाबला, दांडा जोरात ओढला. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. दांडा जागचा हलला नाही.

गावातली सातआठ मंडळी जमली. भारतात गाडीच्या कुठल्याही आजारावर पहिलं औषध एकच: धक्का. "न्यूट्रल करा, ढकलतो." पण न्यूट्रल करता येत नव्हतं, तेच तर दुखणं होतं. 'पी'मध्ये गिअरबॉक्सातल्या दातेरी चाकात एक खुंटी अडकून बसते, ती सुटेपर्यंत अख्खं गाव लागलं तरी गाडी हलत नाही. तरी त्यांनी दोनदा ढकललं. गाडी नुसती मान हलवल्यासारखी पुढंमागं झाली.

"बॅटरी," एक जण म्हणाला. "गिअरबॉक्स गेला," दुसरा म्हणाला, त्याच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं. साळ्याचा चेहरा गाडीच्या हप्त्यांच्या हिशेबात गेला.

इतका वेळ बायको मागं बसून गाडीचं पुस्तक वाचत होती. त्या घराण्यात वस्तूचं पुस्तक वाचणारी ती एकटीच. "दांड्याला कुलूप आहे," ती म्हणाली. "ब्रेकवर पाय आहे असं गाडीला कळलं तरच ते उघडतं."

या कुलपामागं एक किस्सा आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत 'ऑडी ५०००' आपोआप सुसाट सुटते अशी बोंब उठली. १९८६ साली 'सिक्स्टी मिनिट्स'नं ती टीव्हीवर घरोघरी पोचवली. १९८९ साली तिथल्या सरकारी तपासात निघालं, की बहुतेक वेळा लोकांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटरच दाबला होता. तोवर कंपनीनं हे कुलूप बसवायला घेतलं होतं. माणसाला आपला पाय कुठं आहे हे ठाऊक असतं, यावरचा विश्वास तेव्हा जो उडाला तो उडालाच. त्याचं फळ आम्ही हट्ट्यात भोगत होतो.

कुणीतरी ऑटो इलेक्ट्रिकवाल्याला घेऊन आलं. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या नि डायनामो बघणारा माणूस. हातात बल्ब-होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. गाडीमागं जाऊन उकिडवा बसला.

"ब्रेक दाबा."

साळ्यानं दाबला.

"दाबा ना, भाऊ."

"दाबलाय!"

"मंग लाईट कुठं हाय? तुमाले बी दिसत न्हाई, गाडीले बी दिसत न्हाई. ते कशी सोडंल?"

पेडलवरचा तोच एक स्विच मागचे दिवेही लावतो आणि दांड्याच्या कुलपालाही खबर देतो. या गाडीत दोघांचा फ्यूजही एकच. तो बाहेर काढला: निळा, पंधरा अँपिअरचा, आतली तार तुटलेली. मला राजेगावचा मोटरसायकलवाला आठवला. साळ्याकडे बघितलं, त्यालाही आठवला असावा, कारण तो दुसरीकडे बघत होता.

नवा फ्यूज लावला. ब्रेक दाबला. टप्. तोही गेला.

"वीसचा टाका," साळा म्हणाला. "नाहीतर सिगारेटच्या पाकिटाची चांदी..."

इलेक्ट्रिकवाल्यानं त्याच्याकडे आजारी लेकराकडं बघावं तसं बघितलं. "मंग फ्यूज न्हाई जळनार. वायर जळंल. मंग गाडी."

त्यानं टेस्ट लॅम्प धरून मागून पुढं तपास चालवला आणि डिक्कीच्या बिजागरीपाशी थांबला. पट्टीची बारीक वायर ब्रेक लाईटच्या वायरीतून चोरून घेतलेली. डिक्की उघडून मिटून तिचं कातडं घासलं गेलेलं, आणि गोंदियानंतरच्या खड्ड्यांनी उघडी तांब्याची तार पत्र्याला टेकवलेली. याच जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. तांबं माहेरच्या माणसांना भेटायला बाहेर आलं असेल, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पट्टी कापली, टोकाला टेप गुंडाळली, तिसरा फ्यूज घातला. ब्रेक दाबताच दांड्याच्या बुडाशी 'टिक्' वाजलं. इतका बारीक आवाज ऐकायला सातआठ माणसं गाडीत डोकं खुपसून होती. दांडा लोण्यातून निघावा तसा निघाला.

"पयल्यांदा मागं जाऊन लाईट पाहा," पैसे खिशात घालता घालता तो म्हणाला. "तो 'टिक्' मागून आयकाचा."

"आणि लाईट लागून 'टिक्' नसेल तर?" बायकोनं विचारलं.

"मंग ते दांड्याखालचं चुंबक, नाहीतर त्याची वायर. लोक तिथं चहा सांडवतात." त्याच वेळी तिनं पुस्तकातलं पुढचं पान दाखवलं: दांड्याशेजारचं छोटं झाकण काढून आत स्क्रूड्रायव्हर दाबला की कुलूप हातानंही सुटतं, फक्त हँडब्रेक आधी ओढायचा. हे पान तिला दोन तास आधीच सापडलं होतं. आम्ही विचारलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर कापलेली पट्टी साळ्याच्या खिशातून लोंबत होती. राजेगावच्या अलीकडे गाडी हळू केली, तर शेजारी मोटरसायकल आली. तोच माणूस, मागं आता बाजाराची पिशवी. त्यानं आमच्याकडे हात केला. साळ्यानं काच खाली केली, हात मात्र मांडीवरच ठेवला.

"लागून रायली बरं आता!" तो ओरडला आणि पुढं निघून गेला.