हो, मी सांगतो तसंच कर!

‘ॲप्ट अपडेट’ अशी आज्ञा दिली की संगणकावरचं काहीही अपडेट होत नाही. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणाली नव्याने वापरू लागलेल्या माणसाचा पहिला अपेक्षाभंग हाच. ॲप्ट म्हणजे तिथली पॅकेजं, अर्थात प्रोग्रामांचे गठ्ठे, आणणारा-काढणारा कारभारी. पडद्यावर ओळी सरसर धावतात, गडी समाधानाने खुर्चीत रेलतो, आणि झालेलं असतं एवढंच की नव्या पॅकेजांची यादी घरी पोचली. माल हवा असेल तर ‘ॲप्ट अपग्रेड’ असं वेगळं सांगावं लागतं. त्यातही अपग्रेड मोठं भिडस्त, बसवलेलं पॅकेज ते कधीच काढून टाकत नाही. तो अधिकार ‘फुल-अपग्रेड’चा.

पॅकेज एकटं येत नाही, ही दुसरी गंमत. साधा चित्रं बघायचा प्रोग्राम मागवावा, तर तो सहकुटुंब सहपरिवार दारात हजर. कुटुंब म्हणजे त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, इतर प्रोग्रामांनाही उपयोगी पडणारे तयार तुकडे, आणि प्रत्येक लायब्ररीला आणखी दोन लायब्रऱ्या हव्या असतात. पुढे तो प्रोग्राम काढला तरी गोतावळा तिथेच ठाण मांडून बसतो. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ म्हटल्याशिवाय कुणी उठत नाही.

डेबियनचा कारभार एरवी भलताच सावध. 1993 साली इयान मरडॉकने स्वतःचं आणि मैत्रीण डेब्राचं नाव जोडून हे बारसं केलं. पुढच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं मिळाली, कारण डेबियनचे तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स तो सिनेमा बनवणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. कायम अस्थिर असणाऱ्या शाखेचं नाव सिड, म्हणजे सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. इतका स्पष्ट इशारा नावातच देऊनही लोक सिड बसवतात आणि काही मोडलं की चकित होतात.

पण इशारे वाचतो कोण? ‘पुढे जाऊ का?’ असं ॲप्ट विचारतं, तेव्हा वर शंभर नावं असतात आणि बोट आधीच एंटरवर असतं. ही सवय ओळखूनच ॲप्टच्या कर्त्यांनी एक अडसर घातला होता. प्रणालीला अत्यावश्यक असलेलं काही निघून जाणार असेल, तर नुसता ‘वाय’ चालत नसे. ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हासकट, टाइप करावं लागे. एवढे कष्ट घेताना तरी माणूस थबकेल, अशी त्यांची भाबडी आशा.

2021 मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने (लिनक्सचा जनक तो वेगळा लायनस) उबुंटूवर बेतलेल्या पॉप ओएसवर खेळांसाठीचं स्टीम बसवायला घेतलं. चूक मुळात पॅकेजांच्या मांडणीतली होती. पण स्टीम बसवण्यासाठी सगळा डेस्कटॉपच काढावा लागेल, असं ॲप्टने पडद्यावर लिहून दाखवलं होतं. तुम्ही घातक काहीतरी करताय, असंही बजावलं होतं. लायनसने ते वाक्य नीट टाइप केलं. ॲप्टने सांगितल्याबरहुकूम केलं. खिडक्या, आयकॉन, सगळं गेलं. उरला काळा पडदा. हजारो-लाखो प्रेक्षकांनी हे पाहिलं, आणि ॲप्टच्या कर्त्यांनी पुढे अत्यावश्यक पॅकेजांना असा सहज हात लागू नये म्हणून बंदोबस्त वाढवला. आज्ञाधारकपणाला आळा घालावा लागला, तो असा.

हेच ॲप्ट थट्टेखोरही आहे. ‘ॲप्ट मू’ म्हटलं तर अक्षरांची गाय उभी राहते. त्याचा भाऊ ॲप्टिट्यूड, त्यालाही ‘मू’ म्हटलं तर, मात्र आपल्याकडे असले चाळे नाहीत म्हणून साफ कानावर हात ठेवतो. आज्ञेत ‘व्ही’ वाढवत गेलं की चिडतो, ओरडतो आणि शेवटी पिच्छा सुटावा म्हणून हत्ती गिळलेल्या सापाचं चित्र काढून देतो. या दोन्ही आज्ञांना सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणारा उपसर्ग, लागत नाही. सवयीने लावणारे लावतातच.