‘टेन्शन नक्को लो, साब’ : एका टेलिफोन-सल्लागारास खुले पत्र

सन्माननीय एकत्रीकरण-तज्ज्ञ महोदय,



आपलं अंतिम बिल मिळालं. कागद जाड आहे, छपाई रंगीत आहे आणि ‘वार्षिक बचत’ हा रकाना हिरव्या चौकटीत आहे. आपण ते कुरिअरने पाठवलंत हे फार शहाणपणाचं केलंत. फोनवर सांगायला गेला असता, तर आपणच बसवलेल्या बाईंनी ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं इंग्रजीत बजावून आपल्यालाच सतार ऐकवत बसवलं असतं.

वाचकांसाठी थोडी हकीकत सांगतो, आपल्याला ती पाठ असणारच. आमचा औषधांचा घाऊक धंदा. मुख्य पेढी कोठीला, शाखा काचीगुड्याला, दिलसुखनगरला आणि सिकंदराबादला, शीतगृहासह गोदाम कुकटपल्लीला, आणि नांदेडला एक एजन्सी. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन तांब्याच्या लाइनी. कुठली वडिलांनी घेतलेली, कुठली भागीदाराने, कुठली कशासाठी घेतली हे घेणाऱ्यालाही आठवत नव्हतं. बिलं वेगवेगळ्या तारखांना येत, वेगवेगळ्या पत्त्यांवर येत, आणि एखादं हमखास राहून जाई. हे सगळं एका सूत्रात आणायला हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. त्यासाठी आपल्याला बोलावलं. आपण कोठीच्या एसीत बसून, इराणी चहाचे कप रिचवत, सगळ्या शाखांची बिलं लॅपटॉपवर चढवलीत. एकाही शाखेत पाऊल टाकलं नाहीत. ‘बिल सब बोलता, साब. टेन्शन नक्को लो.’

बिल बोललं. कुकटपल्लीची एक लाईन वर्षभर मुकी होती. ना कॉल आला, ना गेला, नुसतं भाडं. आपण तिच्यापुढे ‘निष्क्रिय’ असा शेरा मारलात आणि तीच लाईन सगळ्यांत आधी परत करायला लावलीत. महोदय, ती तार शीतगृहाच्या अलार्मला जोडलेली होती. इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. पारा वर चढला की त्या पेटीने मालकाला फोन करायचा, एवढंच तिचं काम. वर्षभर तिने फोन केला नाही, कारण वर्षभर शीतगृह थंड होतं. बंबाचं किलोमीटरचं मीटर हलत नाही म्हणून अग्निशमन दलाचा बंब भंगारात काढायचा सल्लाही आपण नक्कीच द्याल, आणि त्याचं टक्केवारीवर बिलही लावाल.

मग उन्हाळ्यातल्या एका रात्री कंप्रेसर बंद पडला. अलार्म बिचारा प्रामाणिक. त्याने लाईन उचलली, डायल टोनची वाट पाहिली, टोन आला नाही, पुन्हा उचलली. सकाळी गोदामाचं कुलूप काढणाऱ्या पोराला आत उकडलं तेव्हा आम्हाला कळलं. सगळा माल नष्ट करावा लागला. त्या एका रात्रीच्या नुकसानीत त्या लाइनीचं भाडं किती वर्षं भरता आलं असतं, हा हिशेब आपल्या हिरव्या चौकटीत बसत नाही, म्हणून इथे देत नाही.

आपण लगेच धावून आलात, हे मान्य केलंच पाहिजे. एक छोटा ॲडॉप्टर लावलात, अलार्मची पेटी ‘रीसेट’ केलीत, डायल टोन ऐकवलात आणि विजयी मुद्रेने निघून गेलात. आम्ही चाचणी घेतली. पेटीने आमचा मोबाईल नंबर फिरवला आणि तिकडून सरकारी आवाज आला, की नंबराआधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. आमच्या जुन्या लाईनमनला हे ठाऊक होतं. जानेवारी २०२० मध्ये बीएसएनएलमधून अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक माणसं स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडली, त्यांतला तो एक. नियम बदलल्याचं वाचून हा निवृत्त गृहस्थ आपणहून स्कूटरवर आला होता, पेटीत शून्य घालून, चहा पिऊन गेला होता. आपण ‘रीसेट’ केलंत ते तेच शून्य. दूरसंचार क्षेत्रातला आपला अनुभव आपल्या कार्डावर वर्षांत छापलेला आहे, तो कुठल्या देशातला हे छापायचं राहून गेलंय.

आता नंबराबद्दल. कोठीचा आमचा नंबर शहराचा कोड ०८४२ होता तेव्हापासूनचा. कोड ०४० झाला, नंबर सहा आकड्यांचा सात झाला, पुढे मागून आलेला २ चिकटून आठ आकडी झाला, पण शेपूट तेच राहिलं. सुलतान बाजारापासून जालन्यापर्यंतच्या डॉक्टरांच्या डायऱ्यांत ते शेपूट आहे. ‘नंबर पोर्ट होके आ जाता, साब,’ असं आपण छातीठोकपणे सांगितलंत. आपल्या देशात नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय मोबाईलला आहे, २०११ पासून सगळीकडे आहे. लँडलाईनला नाही. हे आपल्याला अर्जावर सही घ्यायच्या आधी माहीत नव्हतं की नंतर आठवलं, ते आपलं आपल्याला ठाऊक. जुन्या नंबरावर आता फोन लागत नाही, आणि बरेच डॉक्टर आम्ही दुकान मिटवलं असं समजून आहेत. एकाने तर नांदेडच्या माणसाकडे दुखवटा कळवला.

नांदेडवरून आठवलं. ‘उधर के कॉल नेट से लाके इधर लोकल बनाके छोड़ेंगे’ अशीही एक पेटी आपण दाखवली होती, आणि ‘कुणाला कळतंय?’ हे पुढे जोडलं होतं. परवान्याशिवाय अशी एक्स्चेंज चालवणाऱ्यांना कळवायला हैदराबादचे पोलीस अधूनमधून जातात, ते आपण वाचत नसाल. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अनधिकृत सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे. आणि हे सगळं कशासाठी? लखनौ-कानपूरच्या दरम्यान १९६० साली एसटीडी सुरू झाली तेव्हापासून पुढची चाळीसेक वर्षं ही युक्ती कुणी सुचवली असती तर निदान लोभ तरी समजला असता. आज कुठल्याही साध्या पॅकमध्ये नांदेड आणि नामपल्ली एकाच भावात पडतात. तुरुंगात जायचंच असेल तर माणसाने काही फायद्यासाठी तरी जावं.

आपल्या योजनेचा मुकुटमणी म्हणजे कोठीतली ती एकच फायबर आणि तिच्यावरची सिप ट्रंक. सगळ्या शाखांचे फोन कोठीत यायचे, तिथून वाटले जायचे. आधी काय होतं? काचीगुड्याची लाईन पावसात घरघरायची, तेव्हा दिलसुखनगर चालू असे. दिलसुखनगरला खोदकामात केबल तुटली की सिकंदराबाद चालू असे. एक बंद, बाकीच्या चालू. आपण ही अव्यवस्था मोडून काढलीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये रामंतापूरला जन्माष्टमीच्या मिरवणुकीत रथाला विजेचा धक्का बसून पाच जण दगावले. त्यानंतर वीज कंपनीने शहरभर खांबांवरच्या केबल्स कापायला घेतल्या. जाळी काढायलाच हवी होती, त्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. पण हैदराबादचं इंटरनेट बसलं, आणि एअरटेल उच्च न्यायालयात गेली. आमची फायबर कुठून आली होती ते आपण तपासलं होतंत का? खांबावरूनच. ती कापली गेली आणि आमच्या सगळ्या शाखा एकाच क्षणी मुक्या झाल्या. परत केलेल्या तांब्याच्या मुख्य केबल्स मात्र जमिनीखालून येतात. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट त्याच तारेतून फोनपर्यंत येतात, म्हणून दुकानातली वीज गेली तरी साधा फोन वाजतो. आपल्या फायबरची पेटी इन्व्हर्टर उतरला की डोळे मिटते.

तांबं जाणार आहे, हे आम्हालाही दिसतं. २००६ च्या सुमारास देशात पाच कोटी लँडलाइनी होत्या, २०२० पर्यंत त्या दोन कोटींवर आल्या. लाईनमन गेले, सुटे भाग गेले. एकत्रीकरण करायचं तर आताच करायला हवं, तेही मान्य. मग आपल्याकडून काय हवं होतं? प्रत्येक शाखेत जाऊन प्रत्येक तार टोकापर्यंत हाताने चाचपायची, तिच्या शेवटी रिसीव्हर आहे, अलार्म आहे, की लिफ्टमधला तातडीचा फोन आहे हे बघायचं. मग जुना नंबर तसाच ठेवून त्यावरचे कॉल वळवायचे, अलार्मसाठी दोन सिमची पेटी बसवायची, आणि दोन फायबर दोन वेगळ्या वाटांनी आणायच्या. गल्ल्यावरच्या काकांना विचारलं असतंत तर एका दुपारी सगळं सांगितलं असतं. पण काका लॅपटॉपमध्ये नव्हते.

राहता राहिल्या आपल्या त्या बाई. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक आजी त्यांच्याशी तेलुगूत बराच वेळ बोलल्या, नातवाची चौकशीही करून घेतली, आणि शेवटी एक दाबा म्हटल्यावर रागावून फोन ठेवला. आता त्या समोरच्या दुकानातून औषधं घेतात. तिथे फोन उचलायला माणूस आहे.

तेव्हा हिशेब असा. आपलं उरलेलं बिल आम्ही देणार नाही. आमच्या नुकसानीचं बिल याच कुरिअरने पाठवत आहे, त्यात बचतीचा रकाना नाही. कुकटपल्लीला तांब्याची नवी लाईन मागितली आहे. ती मिळेपर्यंत रात्री शीतगृहापाशी माणूस बसतो, त्याचा पगारही आपल्या नावावर मांडला आहे. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढचा पत्रव्यवहार आमचे वकील करतील.

आपला,
एक एकत्रित ग्राहक
कोठी, हैदराबाद