कान धरा, धबधबा बघा

गोव्यातल्या दूधसागरची अडचण एवढीच, की तो खरा असतो तेव्हा तिथे जाऊ देत नाहीत आणि जाऊ देतात तेव्हा पावसाळा संपलेला असतो. कुळे गावाहून जीपगाड्या सुटतात त्या साधारण ऑक्टोबरात. ३१० मीटर उंची तीच, पण पाण्याचा जोर ओसरू लागलेला.

आपल्याकडे मनाई म्हटली की चेव येतो. जुलै २०२३मधल्या एका रविवारी शेकडो तरुण पाठीला सॅक लावून रेल्वेचे रूळ तुडवत निघाले. पोलिसांनी गाठलं आणि उठाबशा काढायला लावल्या. दक्षिण पश्चिम रेल्वेने वर समजावलं, की रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ आणि १५९खाली गुन्हा आहे. धबधबा डब्यात बसूनच पाहा.

डब्यात बसून मी पाहिला आहे. २०१३च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये गाडी दूधसागरपाशी थांबली, तेव्हापासून प्रत्येकाला आपलीही थांबेल असं वाटतं. आमची थांबली नाही. अख्खा डबा एका बाजूला कलंडला. खिडकीत एक काका, पाठ धबधब्याकडे, तोंड मोबाइलकडे. मला दूधसागर दिसला तो त्यांच्या काखेतून, रुमालाएवढा. मागून काकू विचारत होत्या, “अहो, दिसला का?” काका म्हणाले, “आलाय फोटोत. घरी गेल्यावर बघू.”

मग ऑक्टोबरात जीपने गेलो. वाट मोलेच्या जंगलातून, ओढ्यांतून. अभयारण्याला नाव भगवान महावीरांचं, पण अपरिग्रहाचं व्रत तिथे माकडं शिकवतात. माझ्या हातची वेफर्सची पिशवी गेली ती मी ‘हाड्’ म्हणायच्या आत. पुढे डोहाशी पोचलो तर सगळे एकसारखी लाइफ जॅकेटं घालून पाण्याकडे पाठ करून उभे. मीही उभा राहिलो, उगाच वेगळेपणा नको. शेजारच्याने माझा फोटो काढला, मी त्याचा. दूधसागर दोघांच्याही डोक्यामागे होता.

तेव्हा मला त्या उठाबशा आठवल्या. कान धरायचे म्हणजे दोन्ही हात गुंतले, मोबाइल खिशात गेला, नजर आपोआप समोर.

वन खात्याला विनंती आहे, की जीपच्या भाड्यातच माणशी दहा उठाबशा धराव्यात. धबधब्याकडे तोंड करून. जॅकेट काढायची गरज नाही.