बहुमताने सिद्ध

जेईई मेनचा पेपर तीन तासांत संपतो. उत्तरांचा निकाल मात्र केंद्राच्या फाटकाबाहेर लागतो. ‘त्या इंटिग्रलचं काय आलं रे?’ एकाचं पाय बाय चार, दुसऱ्याचं पाय बाय दोन. तिसरा ठामपणे म्हणतो, ‘सी!’ संगणकावर पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा असतो, हे त्याला सांगणार कोण? मग मतदान होतं. पाय बाय दोन चार विरुद्ध एक अशा मतांनी निवडून येतं आणि एकटा पडलेला तोंड पाडून रिक्षात बसतो. सर्वांत तावातावाने भांडणारा सकाळच्या शिफ्टचा, मित्राला न्यायला आलेला. त्याचा पेपरच वेगळा होता!

चुकीच्या पर्यायाला एक गुण कापला जातो, हे आठवताच आवाज चढतात. पण परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या तात्पुरत्या उत्तरसूचीला आव्हान द्यायला प्रश्नामागे २०० रुपये पडतात म्हटल्यावर भलेभले सिद्धान्त डळमळतात. अखेर एकच ठराव एकमताने मंजूर होतो: प्रश्नच चुकीचा होता, सगळ्यांना चार गुण द्या. आणि आक्षेपाचे पैसे? ते दुसऱ्या कुणीतरी भरावेत.