जपानहून आणलेला कचरा

जपानात रस्त्यावर कचराकुंडी सापडत नाही, म्हणून आमच्या घरी चिकटवही तयार झाली. यात कला, हौस, स्मरणरंजन वगैरे काही नाही. शुद्ध नागरिकशास्त्र आहे.

1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला आणि त्यानंतर स्टेशनांतल्या, रस्त्यांवरच्या बऱ्याचशा कचराकुंड्या उचलल्या गेल्या. आपल्याकडे कुंडी उचलली, तरी कचरा त्या जागेशी एकनिष्ठ राहतो. तिथे लोक आपापला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. आमच्या टूर मॅनेजरने विमानतळावरच बजावलं, "काकू, इथे कुठेही काहीही टाकायचं नाही." आमच्या हिला हे सांगावं लागतं, असं फक्त परक्या माणसालाच वाटू शकतं. मिठाईचे खोके, साड्यांच्या पिशव्या, आहेरांवरचे चकचकीत कागद हे सारं आमच्या घरात नांदतं आहे. जपान हा देश हिला विचारूनच वसवला असावा.

हॉटेलच्या खोलीत कचऱ्याची बादली असे, नाही असं नाही. पण दिवसभर खांद्यावरून हिंडवलेल्या कचऱ्याशी संध्याकाळपर्यंत हिचं नातं जुळलेलं असायचं.

परवा माळा आवरताना जपानहून आलेल्या त्या कचऱ्याची पिशवी निघाली. नात सुट्टीला आली होती. "आजी, स्क्रॅपबुक करू या!" झालं. जेवणाचं टेबल ताब्यात गेलं आणि आम्ही पाटावर आलो. खळ की डिंक यावर पहिलं भांडण झालं. खळीने कसर लागते, असं मी म्हणालो. कसर लागायला आधी वही पुरी व्हावी लागते, असं उत्तर मिळालं.

पहिलं पान शिंकान्सेनच्या तिकिटाचं. 1964 च्या ऑक्टोबरात, टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर सुरू झालेली ही गाडी. स्टेशनाबाहेर पडताना फाटकातलं यंत्र तिकीट गिळतं ते गिळतंच. क्योटोच्या फाटकाशी हिने तिकीट छातीशी धरून ठिय्या दिला. भाषेचा प्रश्नच नव्हता, कारण ही बोलतच नव्हती. कर्मचारी वाकला, ही वाकली. तो पुन्हा वाकला, हिची कंबर अवघडली. शेवटी त्याने तिकिटावर रद्द झाल्याचा शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी ते हिला अर्पण केलं. लग्नात आमच्याकडून एवढा मान मिळाला नव्हता, हे मला तेव्हाही ऐकवलं आणि चिकटवतानाही.

दुसऱ्या पानावर रबरी शिक्के. जपानातल्या कितीतरी स्टेशनांवर त्या गावाचं चित्र कोरलेला शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. 1931 साली फुकुइ स्टेशनाने ही प्रथा पाडली. शिक्का आपला आपण मारायचा, फुकट. 'फुकट' हे ऐकताच आमचा अख्खा ग्रुप रांगेत उभा राहिला. कोरा कागद मात्र कोणाकडेच नव्हता. हिच्याकडे मेतकुटाची रिकामी पुडी होती. त्यामुळे ओसाकाचा किल्ला आमच्या वहीत हळदीच्या डागावर उभा आहे.

नाराचं पान अर्धंच आहे. उरलेलं हरणाने खाल्लं. तिथल्या बागेत हजाराहून अधिक हरणं मोकळी हिंडतात. 1957 पासून सरकारने त्यांना नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिलं आहे, आणि ते त्यांना माहीत असावं. त्यांच्यासाठी कोंड्याच्या बिस्किटांची चळत विकत मिळते. बिस्किट दाखवलं की हरीण मान लववून नमस्कार करतं. "बघा, मुक्या जनावराला संस्कार आहेत," असं म्हणून हिने माझ्याकडे पाहिलं. बिस्किटं संपताच त्या संस्कारी जनावराने हिच्या पर्समधून सहलीचं वेळापत्रक ओढलं. चळतीवरची कागदी पट्टी हरणाच्या पोटात गेली तरी बाधू नये म्हणून ती सोयाबीनच्या शाईने छापतात; वेळापत्रक छापणाऱ्याची दृष्टी एवढी दूरवर गेलेली नव्हती. उरलेल्या तुकड्यावर 'दुपारी भारतीय जेव' एवढंच वाचता येतं.

त्याच नारात तोदाइजीचा पंधरा मीटर उंचीचा बुद्ध आहे. 752 साली त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला. टूर मॅनेजर आणि ठेपले यांवाचून हा माणूस तिथवर पोहोचला, याचं आमच्या ग्रुपला फार आश्चर्य वाटलं.

सगळ्यात मोठं पान एका मिठाईच्या वेष्टणाला मिळालं आहे. आपला गणपती जपानात कांगितेन म्हणून राहतो. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामाचं त्याचं देऊळ आहे. तिथे मूर्ती झाकलेली असते आणि देवाला चक्क पांढरा मुळा वाहतात. "चतुर्थीला मुळा?" असं म्हणून हिने कानाला हात लावला. क्योटोत मात्र तिला माहेर भेटलं. कांगितेनाच्या नैवेद्याचं पुरचुंडीच्या आकाराचं, तेलात तळलेलं पक्वान्न तिथल्या एका जुन्या दुकानात मिळतं. आत लाल कडधान्याचं गोड पुरण, त्याला धुपाचा वास. दुकानदार कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होता. हिने निकाल दिला, "कळ्या बऱ्या पाडल्यात, पण खोबरं नाही." मी त्याचं भाषांतर 'व्हेरी गुड' असं केलं.

किंकाकुजीच्या, म्हणजे सोन्याने मढवलेल्या देवळाच्या, तिकिटाने पेच आणला. 1950 साली एका तरुण भिक्षूने ते जाळलं आणि 1955 मध्ये ते पुन्हा बांधलं, ही माहिती नातीने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती. पण तिथलं तिकीट म्हणजे मंत्र लिहिलेला रक्षापत्राचा कागद. त्याला खळ लावायची कशी? तो गेला लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी. वहीतल्या रिकाम्या चौकटीत नातीने लिहिलं आहे, 'पाहा : देवघर'.

फोटो आमच्याकडेही खंडीभर आहेत. पण त्या सोनेरी देवळाचा फोटो जो जातो त्याचा सारखाच येतो. हरणाने चावलेलं वेळापत्रक फक्त आमच्याकडे आहे. सहलीत आपल्या वाट्याला जे आलं ते कॅमेऱ्यात येत नाही, पर्सच्या तळाशी साठतं.

तेव्हा परदेशी जाल तर कचरा जरूर घेऊन या. फक्त एक करा, दुकानांतल्या पावत्यांची आल्या आल्या झेरॉक्स काढा. त्या थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडून जातात. मग कुठे काय घेतलं आणि कितीला घेतलं, याबाबत बायको म्हणेल तोच इतिहास.